बोटांनी वाजवणारा थोरला

बॅण्डच्या खोलीतलं ते भांडण आईने जिन्यातच ऐकलं.

“दादा, प्लास्टिकच्या पिकने तारा छेड. तुझ्या बोटांचा बेस म्हणजे रजईतलं घोरणं,” धाकटा म्हणाला.

“मग तू झोपतोस कशाला? बोटं आहेत तोवर मी प्लास्टिक धरणार नाही,” थोरला म्हणाला.

हट्ट दोघांनी एकाच दुधातून घेतलेला. धाकट्याने दुसरा बेस गिटारवाला आणला. थोरल्याने पुन्हा कधी वाजवलं नाही. पण नव्याला तारा सुरात लावता येत नसत, म्हणून दर शनिवारी थोरलाच सगळ्यांआधी जाऊन लावून यायचा. आईचं काळीज तुटायचं.

तो वारला त्याच्या आदल्या दिवशी शनिवारच होता. छातीतली कळ दाबत तो गेला, चारही तारा सुरात लावल्या आणि मंडळी यायच्या आत जिना उतरला.