लेक मिशिगनच्या तळाशी मंगळसूत्र

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगते. आमच्या इथल्या मराठी मंडळात अंधश्रद्धेवर मी इतकी भाषणं ठोकली आहेत, की मी माइककडे निघाले की लोक कॉफीकडे निघायचे.

हे घडलं तेव्हा मी जेमतेम सत्तावन्न वर्षांची पोर होते. अक्कलही पोरीचीच. माझी मुलगी जुई स्कूबा डायव्हिंग शिकवते. तिच्या मागे लागून मीही शिकले - आधी आमच्या गावातल्या, शॉमबर्गच्या पूलमध्ये, मग एका खाणीच्या तळ्यात. आणि ऑगस्टमध्ये आम्ही विस्कॉन्सिनच्या किनाऱ्यावरून बोटीने निघालो, लेक मिशिगनमध्ये बुडालेलं एक जुनं लाकडी शिडाचं जहाज बघायला. आमचे हे सोबत होते, चहाचा थर्मास सांभाळायला.

वर रणरणतं ऊन, पण तळाशी पाणी फ्रिजमधल्यासारखं. म्हणून ड्रायसूट घालतात. आत लोकरीचे कपडे कोरडे राहतात, कारण गळ्याशी रबराचं घट्ट सील असतं. ते थेट कातडीवर बसायला हवं. मध्ये केस आला तरी पाणी शिरतं.

"आई, गळ्यात काही नाही ना? प्रॉमिस?" जुईने विचारलं.

"प्रॉमिस," मी म्हटलं.

होतं. मंगळसूत्र. भाषणं ठोकणाऱ्या या बाईंनी ते जन्मात एकदाच काढलं होतं, पित्ताशयाच्या ऑपरेशनला, आणि नेमकं त्याच दिवशी यांच्या गाडीला ट्रकने मागून ठोकलं. यांना नुसतं खरचटलं. पण तेव्हापासून... असो. मणी सीलखाली सरकवले आणि वरून हूड ओढून घेतला.

सत्तर फूट खाली ते जहाज होतं. डेक, खिडक्या, सगळं जागच्या जागी. जुई फोटो काढत पुढे गेली. मी एका खिडकीतून आत बघायला मान वळवली - आणि गळ्यातून बर्फासारखी धार छातीवर उतरली. मग पोटावर. मग पायांत. मी घाबरून पाय झाडले, गाळ उठला, आणि स्वतःचा हातही दिसेना. धाप लागली. एकदम वर सुटावंसं वाटत होतं, आणि तसं केलं तर फुप्फुसं फाटतात हेही आठवत होतं. मला वाटलं, मी इथेच राहणार. आणि खोटं बोलले म्हणून राहणार, हे पोरीला जन्मभर कळणारही नाही.

तेवढ्यात मागून कोणाची तरी बोटं गळ्याशी आली. ग्लोव्हज नसलेली, उबदार. हूडखाली शिरली, सीलवरून गोल फिरली, आणि धार थांबली. खांद्यावर दोनदा थोपटलं. मग मनगट धरून मला गाळातून बाहेर नेलं आणि माझा हात बोटीच्या दोरावर ठेवला. मी वळून बघेपर्यंत समोरून - समोरून, हं - जुई पोहत आली.

बोटीवर मी रडतच कबुली दिली आणि तिचे आभार मानले.

"कशाबद्दल? मी तुला शोधत होते, आई. आय थॉट आय लॉस्ट यू." तिचे ग्लोव्हज अजून हातांत चढवलेलेच होते, अस्वलाच्या पंज्यासारखे जाड.

हूड काढला. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. ते सापडलं सूटच्या मांडीवरच्या खिशात. खिशाची झिप बंद, मंगळसूत्राचा हूक लावलेला, एकही मणी तुटलेला नाही. डोक्यावर हूड, मास्क, तोंडात हवेची नळी असताना ते निघालं कसं?

यांचं म्हणणं, थंडीत भास होतात, मीच काढलं असणार. पण माझ्या तसल्याच ग्लोव्हजमुळे मला थर्मासचं झाकणही उघडता आलं नव्हतं, ते यांनीच उघडलं होतं.

मी बोटीच्या म्हाताऱ्या कॅप्टनला हळूच विचारलं, की त्या जहाजावर कोण मेलं होतं? म्हटलं, निदान नाव तरी कळेल. तो म्हणाला, कोणीच नाही. सगळे छोट्या होडीतून किनाऱ्याला लागले होते. घ्या! म्हणजे भूत मानायला तयार झाले, तर भूतही नाही.

त्यानंतर जुई दोन महिने माझ्याशी धड बोलली नाही. मग एके दिवशी स्वतःच फोन करून पुढच्या डाइव्हची तारीख सांगितली. आता पाण्यात उतरण्याआधी मी मंगळसूत्र काढून यांच्या गळ्यात घालते. बोटीवरची माणसं बघतात. हे खुशाल चहा पितात. खाली त्या खिडकीपाशी मी जरा थांबते, हात पुढे करते. कोणी धरत नाही. जुई घड्याळ दाखवते. मी वर येते, आणि कोणाचे तरी आभार मानायचे राहूनच जातात.