उशाशी चिकटवलेला कागद

शेजाऱ्यांनी घर पाडायला घेतलं, तेव्हा मधली भिंत दोघांची आहे, हे मी त्यांना चारचौघांत ओरडून सांगितलं. दगड-मातीची ती भिंत. तिला धक्का लागला तर बघा म्हटलं! बिचारे 'होय बाई, होय बाई' करत राहिले. त्यांनी मिस्त्री पाठवून आमच्या बाजूनं लाकडी टेकू लावून दिले. भिंतीजवळचं काम जेसीबीनं नाही, हातानं करायचं ठरलं. तरी घणाचा पहिला घाव बसला आणि फळीवरची भांडी खणखणली.

घरात आम्ही दोघंच, मी आणि अण्णा, माझे वडील. त्यांची कॉट त्याच भिंतीला लागून. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, वॉकर धरून मोरीपर्यंत जेमतेम जायचे. स्वयंपाकघरात कॉट मावत नव्हती. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या उशाशी चीर दिसली. मिस्त्रीनं तिच्यावर कागदाची आडवी पट्टी चिकटवली.

"चीर वाढली की ह्यो कागद फाटतोय. फाटला तर हितं थांबायचं न्हाय बाई. आधी म्हाताऱ्याला हलवा."

"फाटला की पुण्याला, दादाकडे," मी अण्णांना बजावलं आणि पट्टीवर तारीख घातली.

मग शाळेत शिकवताना कुठलं माझं लक्ष! वर्गात बाक सरकला तरी धस्स व्हायचं. फोन वाजला की वर्गाबाहेर धावायचे. संध्याकाळी चप्पल न काढता आधी कागद बघायचा. अख्खा दिसला की जिवात जीव यायचा. अण्णा म्हणायचे, "तुझ्यापेक्षा भिंत धीराची आहे की!"

रविवारी चादर झटकताना पट्टीला हात लागला. गोंद ओला होता. तारीख तीच, पण अक्षर अण्णांचं, कारकुनी वळणाचं. पट्टी ओढली तर चिरेत माझं बोट गेलं. उशीखाली गोंदाची बाटली आणि फाटलेल्या तीन पट्ट्या.

"अण्णा, जीव गेला असता की हो! अक्कल गहाण टाकली का तुम्ही?" वडिलांना असं कधी बोलले नव्हते. खुर्चीत बसवून, खुर्चीसकट त्यांना बाहेर ओट्यावर ओढलं आणि काम थांबवा म्हणून बोंब ठोकली. मिस्त्री धावत आला. चीर बघून आणखी टेकू आणायला पळाला.

ओट्यावर अण्णा थरथरत होते. मला वाटलं, भिंतीला भ्याले.

"पुण्याला नको गं," ते म्हणाले. "एकदा नेलंत की मला परत कोण आणतंय?"

"मी आणीन की," म्हणायला तोंड उघडलं आणि माझाच फोन आठवला. भिंतीचं निमित्त बरं आहे, आता अण्णांना कायमचं तुझ्याकडेच ठेव, असं दादाला फोनवर मीच सांगितलं होतं. त्यांच्या कॉटजवळ उभी राहून, त्यांना झोप लागलीय असं समजून.