साडूंच्या भाषेत घड्याळ नाही

वजनाशी हाडवैर धरलेला जगात एकच मनुष्य असेल, तर ते आमचे थोरले साडू. स्वतःचं वजन सोडून म्हणतो मी. ते त्यांनी मस्कतच्या बिर्याणीवर खुशाल वाढू दिलं आहे. बाकी कशातही गुंजभर जास्तीचं त्यांना खपत नाही. सुट्टीत गावी निघताना आमची अख्खी अल् घुब्रा वस्ती ब्लँकेटं आणि खजुरांनी फुगलेल्या बॅगांवर बसून चेन ओढत असते, तेव्हा हे खांद्याला एक पिशवी लावून विमानात चढतात. टीव्हीच्या रिमोटवरची बिनकामाची बटणं त्यांनी चिकटपट्टी लावून बंद केली, त्यात आवाज कमी करायचं बटणही गेलं. त्यांच्या घरातल्या बातम्या अजून खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येतात.

असा माणूस भाषा घडवायला बसला तर ती कशी होणार? छोट्या यंत्रांना कामं सांगायची एक भाषा त्यांनी शुक्रवारच्या सुट्ट्यांत एकट्याने तयार केली. इतकी हलकी, की काडेपेटीएवढ्या सर्किटवरही सुखाने नांदते. इंटरनेटवर ती सगळ्यांना मोकळी ठेवली: कुणीही फुकट घ्या, उघडून बघा, हवी तशी बदला. पंचाईत एवढीच, की कुणी घेईना. मग वापरणारे उरलो आम्ही, म्हणजे शुक्रवारी त्यांच्याकडे जेवायला जाणारे. थोरल्या मेहुणीच्या, म्हणजे ताईंच्या हातचं सुरमईचं कालवण ताटात पडण्याआधी साडूंच्या लॅपटॉपवर दोन-तीन ओळी लिहून टेबलावरचा एक इवलासा दिवा लावून दाखवावा लागे. मी हिशेबखात्यातला माणूस. माझा दिवा काही केल्या लागत नसे आणि तिकडे कालवण निवत असे. बायको कुजबुजायची, "अहो, भाऊजींचं मन मोडू नका. काहीतरी टाइप करा."

आमच्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीचा पंपसुद्धा त्यांनी याच भाषेवर आणला. टाकी रिकामी झाली की पंप चालू, भरली की खलास. मी सहज विचारलं, "साडूभाऊ, रोज पहाटे पाचला चालू हो, असं हिला सांगता येतं का?"

"नाही. घड्याळ मी मुद्दामच ठेवलेलं नाही."

"का बरं?"

"भिंतीवर आहे की! जे ठेवलंच नाही, ते बिघडत नाही."

पण एकदा कुरुमच्या किनाऱ्यावर फिरता फिरता ते एकदम थांबले. त्यांची साठी जवळ आली होती. इथे नोकरी संपली की व्हिसा संपतो आणि कितीही वर्षं काढली असली तरी परतीचं विमान धरावं लागतं. म्हणाले, "मी गेल्यावर या भाषेचं कोण बघणार हो? एका तरी परक्या माणसाने हिच्यावर काही चालवलेलं बघून जायचंय."

आणि तो परका माणूस सापडला पार वाळवंटापलीकडे, दुक्म बंदरात. रत्नागिरीकडचा, कामगारांच्या कॅम्पातलं वीज-पाणी बघणारा फोरमन. त्याचा मेसेज आला: रमजानात सगळी माणसं पहाटे सहरीच्या जेवणाला एकदम उठतात, संध्याकाळी इफ्तारच्या आधी एकदम नळावर येतात. टाकी रिकामी होईपर्यंत थांबून कसं चालेल? आधीच भरून ठेवायला पाहिजे. भाषेत घड्याळ घालाल काय?

ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली, त्याला आमच्या साडूंनी लांबलचक, तत्त्वनिष्ठ नकार पाठवला! उत्तर आलं, "चालेल साहेब. तुमी मोकळी ठेवलीत, मंग मीच जोडून घेतो."

"अधिकारच आहे त्याचा," साडू म्हणाले, पण त्या शुक्रवारी त्यांनी कालवणाला हात लावला नाही. थोड्याच दिवसांत आजूबाजूच्या कॅम्पांनीही भाषा उचलली; साडूंची नव्हे, फोरमनची घड्याळवाली. रमजान लागला आणि एका सकाळी ते माझ्या दारात उभे. "यल्ला, गाडी काढा."

दुक्मचा रस्ता म्हणजे दुपारपर्यंत नुसती वाळू आणि मधूनच उंट. कॅम्पात फोरमन धावत सामोरा आला. "साहेब, तुमचा काय पण काढला नाय. घड्याळ तेवढा जोडला." मग तो शेजारच्या कॅम्पांतून आलेल्या इलेक्ट्रिशियनांना भाषा शिकवायला लागला आणि साडू त्यांच्या घोळक्यात मागे जाऊन उभे राहिले. एकाने सरकून जागा देत विचारलं, "आप भी सीखने आए हो, चाचा?" मी सांगायला तोंड उघडलं, तर साडूंनी माझा हात दाबला. "हां," ते म्हणाले, "आज ही शुरू किया।"

ऊन उतरलं. कुणी हात न लावता पंप घरघरला आणि पाणी वर चढू लागलं. बांग व्हायच्या आत माणसं वजूला, नमाजाआधी हातपाय धुवायला, नळांवर आली, तर सगळ्या नळांना भरपूर पाणी. साडू त्या टाकीकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि खरं सांगायचं तर माझेही.

परतताना म्हणाले, "घड्याळ आपणही ठेवू या. लोकांना लागतं." आणि मस्कतचे दिवे दिसू लागले तेव्हा, "आता मी गेलो तरी पाणी चढेल."

पुढच्या महिन्यात ते आणि ताई कायमचे गावी जातील. पाणी चढेलच, त्याची मला काळजी नाही. शुक्रवारी दुपारी आम्ही कुणाकडे जायचं, हे मात्र त्यांना विचारायचा मला अजून धीर झालेला नाही.