रिकाम्या ग्लासातली ज्वारी

किस्से काही मुद्दाम जमवावे लागत नाही. दर रविवारी दुपारी तीन जुने दोस्त एका बाटलीभोवती बसवा, महिन्याभरात आवरणार नाही इतके होते!

आमची बैठक आर्णीजवळ, माह्या शेतातल्या खोलीत. मी रिटायर एसटी ड्रायव्हर. तीस वर्षं डिझेलचा वास घेतला, तरी नाक पक्कं आहे, हे छातीवर हात ठेवून सांगतो. दुसरा राठोड, तांड्यावरचा शेतकरी. तिसरे भाऊराव. बाजार समितीत आयुष्यभर धान्याची प्रत ठरवली. दाना दातानं फोडून ओल सांगते. दारूले शिवत नाही, बैठकीत ताक पेते.

अन् बाटली आणणारा त्यांचाच पोरगा, निलेश! एका छोट्या डिस्टिलरीत मका, ज्वारी, गहू अन् जव अशा चार धान्यांची व्हिस्की बनवते. पोरगा दारू गाळते म्हणून भाऊराव तीन वर्षांपासून त्याच्याशी बोलत नाही. तोंड भिंतीकडे करून बसते. पण येते मात्र दर रविवारी!

*

"पद्धत बर्बनची आहे," निलेशनं पहिल्याच दिवशी सांगितलं. "मका जास्त, अन् आतून जाळलेलं नवं लाकडी पिंप. पण बर्बन हे नाव फक्त अमेरिकेतल्या दारूलेच देता येते."

"देऊ दे नं बापा," राठोड म्हणाला. "बारसं त्यांनी करावं, जेवण आपण करू!"

*

एकदा निलेशनं छापलेले फॉर्म आणले. वास, चव, सूचना, असे रकाने. मी लिहिलं, "गुळाची कढई जराशी लागली, तसा वास. मंग भाजलेलं कणीस. शेवटी लवंग."

"काका, आमच्या साहेबांले एवढं जमत नाही!" निलेश म्हणाला. मले माहीतच होतं.

राठोडनं फक्त सूचनांचा रकाना भरला: "चिवडा कमी पडला." निलेशनं त्याचा फॉर्म न वाचताच साहेबांकडे दिला. पुढच्या रविवारी साहेबांनी बाटलीसोबत दोन किलो चिवडा पाठवला!

*

राठोडच्या म्हाताऱ्या आईले आम्ही सारे याडी म्हणतो. एक दिवस ती पोराले बोलवायले आली. निलेशनं गमतीनं तिच्या तळहातावर चार थेंब टाकले. तिनं हात खसाखसा चोळले, नाकाशी नेले.

"पहिली धार जहाल राहते, ती पुरी फेकली नाही. घाई काहून केली?"

निलेशचा चेहराच उतरला. घाई खरीच झालती.

"याडी, तुम्हाले कसं समजलं?"

"आमच्या तांड्यावर मोहाची कोण गाळे? तुह्या साहेबाचा बाप?"

*

मागच्या महिन्यात निलेश दोन पिंपांतले नमुने घेऊन आला. त्याच्या हातची पहिली बाटली बाजारात निघणार होती, पिंप त्यानंच निवडायचं होतं. आम्ही दोघांनी दुसरं पिंप पास केलं. "शंभर टक्के!" मी म्हणालो.

निलेश बापाच्या पाठीकडे पाहून राह्यला होता. "तुमचं ठीक आहे, काका. पण ज्यानं सांगावं, तो पाहत बी नाही." मले लई वाईट वाटलं.

ताक संपवून भाऊराव उठले. जाता जाता दुसऱ्या पिंपाचा रिकामा ग्लास उचलला अन् नाकाशी धरला. रिकाम्या ग्लासातून दारू उडून जाते, धान्याचा वास तेवढा राहते.

"ज्वारी कुबट आहे," ते म्हणाले. "ओली भरली. दातानं फोडून पाह्यली होती का?"

तीन वर्षांनी पहिला शब्द! निलेश कसाबसा म्हणाला, "नाही, बाबा."

भाऊराव चपला घालून निघून गेले. निलेशनं पहिलं पिंप निवडलं. माह्या शंभर टक्क्यांचं कोणी नाव काढलं नाही.

पुढच्या रविवारी भाऊराव ऑटोतून उतरले. सोबत घरच्या वावरातल्या ज्वारीचे दोन पोते. मूठभर दाने त्यांनी निलेशच्या हातावर ठेवले.

"चाव."

निलेशनं दाना दाताखाली धरला. कट्! साऱ्या खोलीत ऐकू आलं. राठोडचा चिवड्यातला हात बी थांबला.

"आलं ध्यानात? आता पोते उचल," भाऊराव म्हणाले. अन् ताकाचा ग्लास घेऊन भिंतीकडे पाठ करून बसले.