कोणाचाही डवरा चालेल

शालूबाईला कोणी अडाणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. अख्ख्या गावाला एका मापावर आणलं ते तिनं, आणि नावं ठेवायला हेच पुढे!

धामणगाव बढ्याजवळचं आमचं गाव. महाराष्ट्र नुकताच झाला होता. शालूबाईचा नवरा वारलेला, पदरात पोर नाही, थोडं वावर, बैल नाहीत. मी तिच्याकडे रोजानं निंदायला जायचे, म्हणून सगळं जवळून पाहिलंय. तिची पेरणी करून द्यायचा तिचा दीर कारभारी. आणि त्याच्या तिफनीनं पेरलं की गवत काढायला त्या ओळींमधून डवराही त्याचाच फिरायचा. कारण आमच्याकडे प्रत्येक घरच्या तिफनीच्या दातांमधलं अंतर वेगळं. बापानं धरलं ते माप. त्यात बोटभर फरक केला तर जशी काही घराण्याची अब्रूच जाणार! दुसऱ्याचा डवरा घातला की एकतर गवत राहायचं, नाहीतर ज्वारीच कापली जायची.

त्या एका डवऱ्यापायी शालूबाई वर्षभर कारभारीच्या घरी फुकट राबायची. शेण काढ, दळण दळ, त्याच्या बायकोची, रुखमाबाईची, बोलणी खा. एकदा भर अंगणात रुखमाबाई म्हणाली, "डवरा पाह्यजे ना? मंग मुकाट्यानं कर." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. शालूबाई शेण काढत राहिली.

पण तेव्हाच तिच्या डोक्यात आलं. सगळ्या गावाचं माप एकच झालं तर कोणाचाही डवरा आपल्या वावरात चालेल, कारभारीचा उंबरा झिजवायला नको. जानराव सुताराकडून तिनं खुणांची एक काठी करून घेतली आणि उन्हाळाभर ती घेऊन घरोघर फिरली. लोक हसले. "काऊन वो, आता तू शिकवशीन काय आम्हाले?" मग जानरावनं समजावलं, ऐन हंगामात डवरा मोडला तर शेजाऱ्याचा लगेच चालेल. हे मात्र पटलं. अवजारं दुरुस्तीला त्याच्याकडेच यायची; एकेक करून सगळी त्या काठीवर बसली. कारभारीचीही.

त्या वर्षी तिची पेरणी शेजारच्या वावरातल्या शेषरावनं केली. शालूबाई म्हणाली, "आता मले कोणाचं ऐकून घ्याची गरज नाही."

झडीनंतर जेमतेम उघाड पडली आणि जो तो डवरा घेऊन आपल्या वावरात घुसला. शेषराव म्हणाला, "माहं आटपू दे. तवर कारभारीले सांग, आता तर त्याचाबी चालते." कारभारी म्हणाला, "पेरलं त्यालेच सांग ना. नाहीतर गावात डवरे काय कमी हायेत?" ती आणखी चार घरं फिरली. प्रत्येकानं पुढचं घर दाखवलं. नाही कोणीच म्हटलं नाही, मेल्यांनी! पूर्वी तिचं वावर डवऱ्यावाचून राहिलं असतं तर गाव कारभारीच्या तोंडावर थुंकलं असतं, कारण दुसऱ्या कोणाचा डवरा चालतच नव्हता. आता सगळ्यांचाच चालत होता. मग लाज वाटायची कोणाला?

आम्ही दोघींनी विळ्यांनी जमेल तेवढं गवत काढलं. पाऊस परत लागला. ज्वारी पिवळी पडली, कणसं भरलीच नाहीत.

गावाचं भलं झालं म्हणा. आता कोणाचं काही अडत नाही. आजूबाजूच्या गावांचे सुतारही तेच माप नेतात आणि त्याला जानरावचं माप म्हणतात.

शालूबाईच्या घरात दाणा उरला नाही. पुढल्या वर्षी तिनं वावर मक्त्यानं कसायला दिलं, आणि घेणारा कोण, तर कारभारी! आता त्याच वावरात ती माझ्या शेजारी बसून रोजानं निंदते. परवा पाणी प्यायला जरा उठली, तर धुऱ्याच्या बांधावरून रुखमाबाई ओरडली, "बस खाली! वावर काय तुह्या बापाचं हाय?"

वावर तिचंच आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं. शालूबाईनंच माझा हात दाबला. उद्याचा रोज बुडेल म्हणून.