उलटं ताट

सांताक्रूझ विमानतळावर आईने मला एकच गोष्ट बजावली. "तोंडाचे फोटो पाठवू नकोस. फोटोत तू हसतोसच. ताटाचा पाठव." परदेशात पोरगा उपाशी राहतो, असा तिचा ठाम समज होता, आणि तो फारसा चुकीचाही नव्हता.

बहारीनला एका हॉटेलात मी अकाउंट्समध्ये लागलो. तिथल्या माहूज भागातल्या फ्लॅटमध्ये माझ्यासोबत वसईचा आंतोन राहायचा. आमच्याच हॉटेलच्या मेनूकार्डांसाठी तो पदार्थांचे फोटो काढायचा. त्याची स्टाइल ठरलेली: उजेड डावीकडून, कोंबडी अर्धी कच्ची, वरून तेलाचा ब्रश. फोटो झाल्यावर ते अन्न कुणाला खाववत नसे. माझी स्टाइल म्हणजे स्टुलावर चढून वरून अख्खं ताट घ्यायचं. माझीच सावली पडून वरण काळं दिसायचं, पण आईला हवं ते दिसायचं. हसू नका. तुम्हा परदेशी गेलेल्यांपैकी कितीजणांनी आईला खरं ताट दाखवलंय?

पहिल्या दिवाळीला मी जिवावर उदार होऊन सगळा स्वयंपाक केला. आंतोन म्हणाला, आज फोटो मी काढतो, तुझे फोटो म्हणजे पोलिसांचा पंचनामा. त्यानेच काढला, धुतला, पोस्टातही टाकला.

काही दिवसांनी हॉटेलवर पुण्याहून दादाचा ट्रंककॉल आला. आधी त्याने विचारलं, "तू आहेस ना रे?" मग म्हणाला, आईने अन्न सोडलंय. फोटोतल्या ताटात भाजी डावीकडे होती, चटणी-कोशिंबीर उजवीकडे. आमच्या घरी असं उलटं ताट फक्त श्राद्धाला, पितरांसाठी वाढतात. मी गेलो आणि कुणीतरी ते असं कळवलं, हेच आईने मनात धरलं होतं.

आमच्या खिडकीतून उजेड उजवीकडून यायचा. तो डावीकडून दिसावा म्हणून आंतोनने निगेटिव्ह उलटी लावून प्रिंट काढली होती. "ताटाला डावं-उजवं असतं, मला काय माहीत?" तो रडवेला झाला. मी आईशी फोनवर बोललो, तेव्हा ती जेवली. तो फोटो मात्र तिने परत पाठवला. घरात ठेववत नव्हता, आणि माझं ताट म्हणून फाडवतही नव्हता.

पुढच्या वर्षी आई गेली. माझा पासपोर्ट ऑफिसच्या तिजोरीत, चावी साहेबाकडे, आणि साहेब सुट्टीवर. रोज एकच उत्तर: उद्या, इंशाल्ला. तिचं तेरावं झालं तरी मी माहूजमध्येच. तो राग अजून गेलेला नाही, जाऊही नये.

वर्षश्राद्ध दादाने पुण्यात केलं. मलाही इथे आईसाठी ताट वाढायचं होतं, पण हात सरळच वाढत होते. शेवटी आईने परत पाठवलेला तो फोटो बॅगेतून बाहेर काढला, ओट्यावर भिंतीला टेकवला आणि बघून बघून वाढलं. आंतोन दारात उभा होता. कॅमेरा त्याने आणला नव्हता. फोटो पाठवायचा तरी कुणाला?

मी जेवलो का, हे ज्या माणसाला डोळ्यांनी बघायचं असतं, ते माणूस म्हणजे घर. माझं तसं घर आता कुठेच नाही. पुढे लग्न झालं, संसारही इथेच; मुलं इथल्याच ईसा टाउनच्या शाळेतून येतात, हवं तसं वाढून घेतात. उजवीकडे चटणी दिसली की मी ती डावीकडे करतो. "बाबा, व्हॉट डिफरन्स डझ इट मेक?" धाकटी विचारते. मी म्हणतो, काही नाही, जेव.