उपासाचे दिवस धरू नयेत

परदेशातून आलेला तो प्रश्नांचा कागद मराठीत करताना मी डॉक्टर मॅडमना हसले होते. त्या मानसोपचाराच्या, पुण्याकडच्या. अन्नाशी वैर धरणाऱ्या मुलींवर संशोधन करायला यवतमाळात आलेल्या. मी नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालेली, त्यांच्या हाताखाली गावोगाव कागद भरायची. 'तुम्ही मुद्दाम जेवण टाळता का?' असा एक प्रश्न होता.

"मॅडम, असं इचारलं त आमच्या अर्ध्या बाया बिमार निघतीन," मी म्हटलं. "खाली लिहा, यात उपासाचे दिवस धरू नयेत."

त्यांनी लिहिलं. इथल्या माणसाचं ऐकावं, असंही म्हणाल्या. मी दिवसभर फुगून होते.

सरावाचा पहिला कागद भरला तो बोरी अरबला, माझ्या बहिणीच्या मुलीचा. ती बारावीत. सोमवार, गुरुवार, शनिवार, शिवाय चतुर्थी, सगळे उपास धरायची.

"लय देवाधर्माची हाय पोरगी," बहीण कौतुकानं म्हणाली. मीही तिची पाठ थोपटली आणि त्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं. तिची सलवार कमरेला सेफ्टी पिनेनं आवळलेली होती. एवढी वर्षं नर्स होते मी, तरी त्याचं मला काही वाटलं नाही.

पुढे एका गुरुवारी सहज गेले. बहिणीनं साबुदाण्याची उसळ केली होती. पोरीनं बशी उचलली आणि मागच्या अंगणात गेली. मी हात धुवायला मागे गेले, तर ती सगळी उसळ बकरीपुढे ओतत होती. मला पाहून तिचं तोंड उतरलं. तिच्या उपासात देव नव्हताच. मला तिचा नाही, माझाच राग आला.

दुसऱ्या दिवशी मॅडमपुढे सगळं कबूल केलं. हे कशानं होतं, विचारलं.

"एकच एक कारण अजून कोणाला सापडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "काही रक्तातून येतं, काही मनातून, काही लोकांच्या बोलण्यातून. घरच्यांना दोष देऊ नका. पण या वयाच्या मुलींना घरच्यांनी रोज सोबत बसून जेवू घातलं, तर पुष्कळ जणी सावरतात, एवढं अभ्यासातून दिसलंय. सोमवारी तिला तपासायला आणा. सोबत बसणं मात्र आधीच सुरू करा."

मग त्यांनी माझी ती ओळ खोडली. तिच्या जागी काय घालायचं, हेही मलाच विचारलं. मी म्हटलं, उपास सोडताना काय खाता, ते विचारू.

नवा कागद घेऊन शनिवारी बोरीला गेले. पोरगी समोर बसली.

"उपास सोडताना काय खातं वं तू?"

ती नखं बघत म्हणाली,

"मी सोडतच नाई, मावशी."

मी कागद बाजूला सारला. बहिणीला दोन ताटं वाढायला सांगितली आणि पोरीला खेटून बसले. अर्धी पोळी खायला तिला तासभर लागला. ती रडत होती, मीही रडत होते, पण तिचं होईस्तोवर मी उठले नाही.